समजून घ्या : बाळाचं खिमट पातळ का नको?

सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधासोबत बाळाला वरचं अन्न लागतं. त्यासाठी महागडा तयार डबाच हवा, असं मुळीच नाही. पडघ्याचा पट्टा भाताचा; तांदूळ, मूगडाळ घरात असतेच. चूक होते ती पातळपणात. भाताची पेज किंवा वरणाचं नुसतं पाणी पाजलं की बाळाचं इवलंसं पोट भरतं, अंगी मात्र काही लागत नाही. खिमट चमच्यातून ओघळणार नाही इतकं घट्ट, मऊ हवं. वर थोडं तूप किंवा तेल.

भिवंडी-पडघ्याच्या गोदामांत कामाला जाणाऱ्या आईला रोज वेळ कुठला? तिथे नाचणीचं सत्त्व उपयोगी. मोड आणून, वाळवून, हलकं भाजून दळायचं. मोडांमुळे स्टार्चचं विघटन होतं, म्हणून जास्त पीठ घातलं तरी लापशी गिळायला सोपी राहते. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. सोबत डाळ, पालेभाजी, नीट शिजवलेलं अंडं द्यावं. वर्षापर्यंत मीठ, साखर, मध नको.

अंगणवाडीत नाव नोंदवलं की सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकासाठी घरी न्यायचा आहारही मिळतो.