विसर की विषाद?

एका भगिनीने आम्हांस विचारले आहे: "वडील ६२ वर्षांचे. आई निवर्तल्यापासून हिशेब चुकतात, एकच पान तासभर उघडे ठेवून बसतात, किल्ली कोठे ठेवली ते आठवत नाही. 'माझे डोके गेले' असे स्वतःच म्हणतात. भाऊ म्हणतो, बँकेचा व्यवहार त्यांच्या हातून काढून घ्यावा. हा म्हातारचळ समजावा काय?"

भगिनी, भावाला जरा थांबवा.

विषण्णता म्हणजे डोळ्यांना पाणी, एवढीच आपली समजूत असते. परंतु चित्त न लागणे, विचार मंदावणे, क्षुल्लक गोष्टीचाही निर्णय न होणे ही त्याच विकाराची लक्षणे होत. जिकडे लक्षच गेले नाही ते स्मरणात साठणार कसे? किल्ली ठेवणारा हात घरात असतो. मन पत्नीच्या कबरीपाशी असते.

लेस्ली किलोह या मनोविकारतज्ज्ञांनी १९६१ साली अशा रोग्यांवर एक निबंध लिहिला. बुद्धी कायमची ढळली असे वाटणारी ती माणसे होती; परंतु तिच्या मुळाशी निराळाच, बरा होण्याजोगा विकार होता. पुढे १९७९ साली चार्ल्स वेल्स यांनी ओळखण्याच्या काही खुणा नोंदविल्या. विषण्ण मनुष्य आपल्या विसराळूपणाची तक्रार स्वतः करतो आणि प्रश्न विचारला की "ठाऊक नाही" म्हणून मोकळा होतो. खऱ्या स्मृतिभ्रंशाचा रोगी बहुधा आपली उणीव झाकतो, चुकीचे का होईना पण उत्तर देतो. आपले वडील "डोके गेले" म्हणतात, हे आम्हांला म्हणूनच महत्त्वाचे वाटते.

तथापि या खुणांवर घरबसल्या निवाडा करू नये. वार्धक्यातील विषाद कधीकधी स्मृतिभ्रंशाची नांदीही असतो, आणि दोन्ही एकत्रही नांदतात. डॉक्टरांकडे न्यावे, थायरॉइड व ब-१२ जीवनसत्त्व यांसाठी रक्त तपासून घ्यावे, कारण त्यांच्या उणिवेनेही विसर पडतो. विषादाचे औषध सुरू झाले तर गुण यायला काही आठवडे लागतात. मन आधी उभारी धरते, स्मरण व एकाग्रता कधीकधी मागाहून येतात, काही वेळा पुरती येतही नाहीत. तेवढ्यात कंटाळून, डॉक्टरांना न विचारता औषध थांबवू नये. आणि मरणाची भाषा त्यांच्या तोंडी आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

पासबुक तूर्त त्यांच्याच खणात असू द्या. महिनाअखेरीस हिशेबाला तुम्ही शेजारी बसा. बेरीज मात्र त्यांना करू द्या.