जनुकीय कात्री देशी झाली. उपचार पाड्यापर्यंत कधी?

नवी दिल्ली : सिकलसेल आजारावरील जनुक संपादनाच्या देशी उपचारपद्धतीला नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘बिरसा १०१’ हे नाव देण्यात आले आणि तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्याची घोषणा झाली. तेव्हापासून चर्चा आहे ती प्रामुख्याने किमतीची. ती स्वाभाविकही आहे. ‘कॅसजेव्ही’ या पहिल्या क्रिस्पर उपचाराला ब्रिटन व अमेरिकेने २०२३ च्या अखेरीस मान्यता दिली, आणि अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. भारतात याहून फार स्वस्त उपचाराची आशा कशाच्या बळावर बाळगली जाते, हे समजण्यासाठी दिल्लीतील एका संशोधकाची वाटचाल पाहावी लागते.

सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेतील रेण्वीय जीवशास्त्रज्ञ देबोज्योती चक्रवर्ती यांचा आरंभीचा विषय जनुक संपादन नव्हता. जर्मनीत डॉक्टरेटसाठी त्यांनी प्रथिने न घडविणाऱ्या दीर्घ आरएनए रेणूंचे पेशीतील कार्य अभ्यासले. क्रिस्परकडे वळणे मात्र वरवर दिसते तेवढे दूरचे नव्हते. या तंत्रात डीएनए कापणाऱ्या ‘कॅस-९’ प्रथिनाला नेमक्या जागी नेऊन पोहोचविण्याचे काम आरएनएचा छोटा तुकडाच करतो.

निर्णायक ठरली ती प्रथिनाची निवड. जगभरातील बहुतेक प्रयोगशाळा ‘स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस’ जीवाणूचे कॅस-९ वापरतात. आयजीआयबीच्या गटाने ‘फ्रान्सिसेला नोव्हिसिडा’ या जीवाणूतील प्रथिन घेतले. कामाच्या झपाट्यात ते मागे होते, पण अत्यंत काटेकोर. मार्गदर्शक आरएनए आणि डीएनए यांच्यात किंचितही तफावत असली, तर ते बहुधा तेथे चिकटतच नाही. मानवी पेशीत भलत्या जागी कापले जाण्याची भीती लक्षात घेता हा गुण मोठाच. २०१९ मधील शोधनिबंधात या गटाने सिकलसेल रुग्णापासून तयार केलेल्या मूलपेशींतील दोष प्रयोगशाळेत दुरुस्त करून दाखविला. त्याच काटेकोरपणावर २०२० मध्ये कोरोनाची ‘फेलुदा’ ही कागदी पट्टीवरील चाचणी उभी राहिली. सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचे नाव चाचणीला देणाऱ्या या गटाच्या विनोदबुद्धीची दाद द्यायला हवी. पुढे प्रथिनात बदल करून त्याची कार्यक्षमता वाढविण्यात आली. ते काम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

पेटंटचा प्रश्न येथेच येतो. प्रचलित कॅस-९ चे हक्क परदेशी विद्यापीठे व कंपन्यांच्या हाती आहेत, आणि व्यावसायिक वापरासाठी परवाना शुल्क मोजावे लागते. स्वतःची कात्री असणे म्हणजे वाटाघाटीत हात बांधलेले नसणे.

तरीही कात्री हा खर्चाचा एक भाग झाला. कॅसजेव्हीसारख्या उपचारात रुग्णाच्या रक्तातील मूलपेशी बाहेर काढून संपादित करतात, तीव्र केमोथेरपीने जुनी अस्थिमज्जा रिकामी करतात आणि मग त्या पेशी परत सोडतात. रुग्णाला कित्येक आठवडे निर्जंतुक कक्षात राहावे लागते. संसर्गाचा व वंध्यत्वाचा धोका असतो. अशा सुविधा प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत, तर आजार गडचिरोली, नंदुरबार, बस्तर, मंडला येथील आदिवासी वस्त्यांत. औषध फुकट दिले, तरी रुग्णासोबत राहणाऱ्या मजुराची बुडणारी मजुरी कोण भरून देणार, हा प्रश्न कोणत्याही तंत्रज्ञान हस्तांतरण करारात बसत नाही.

जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत सिकलसेलच्या उच्चाटनाचे ध्येय ठेवले असून, ७ कोटी लोकांची तपासणी हा त्याचा पाया आहे. तपासणीत आढळलेल्या बहुसंख्य रुग्णांना आज हवे आहे ते हायड्रॉक्सियुरिया, वेळेवर रक्त आणि नवजात बालकांची चाचणी. जनुक संपादनाच्या बातमीने हा खर्च मागे पडला, तर ती चूक महाग पडेल.

दुसरी दिशा शरीरातच संपादन करण्याची. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एका अर्भकावर असा उपचार झाल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यात संपादकाचा आरएनए मेदकणांतून यकृतात पोहोचविण्यात आला होता. अस्थिमज्जेपर्यंत तो तसाच पोहोचविता आला, तर केमोथेरपी आणि निर्जंतुक कक्ष दोन्ही टळतील. यकृत मात्र असे कण सहज शोषून घेते, अस्थिमज्जा तसे करीत नाही. जगभरातील प्रयोगशाळांचे प्रयत्न सध्या तेथेच अडले आहेत.