धरून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे

"पाय तुम्ही धरा, डोकं सिस्टर धरतील. दोन मिनिटांचं काम आहे." खुर्चीवर पाच वर्षांचं पोर तडफडत असताना हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. त्यामुळे धरणाऱ्यांची बाजू मला पाठ आहे. आधी तीच मांडतो. बाहेर आठ पेशंट खोळंबलेत. पोराची दाढ रात्रभर ठणकलीय, आईनं रजा टाकलीय, वडील घड्याळ बघताहेत. धरलं तर काम उरकतं, न धरलं तर सगळ्यांचाच दिवस फुकट. वर आजोबा असतातच : "आमचेही दात धरूनच काढले. काय बिघडलं आमचं?"

काय बिघडलं ते दंतवैद्याला विचारावं. असं धरलं गेलेलं पोर मोठेपणी दाढ मुळापर्यंत किडल्याशिवाय पायरी चढत नाही, आणि चढलं की बोटं पांढरी पडेपर्यंत खुर्चीचे हात आवळून बसतं. दोन मिनिटं वाचवली खरी, पण ती त्याच्याच खात्यातून.

पोराला असं जबरदस्तीनं आवरणं ही काही एखाद्या तापट डॉक्टरची लहर नव्हती. ओरडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबायचा आणि कानाशी शांतपणे सूचना द्यायच्या, हे तंत्र अमेरिकेत रीतसर शिकवलं जाई. तिथल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेनं ते आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढलं २००६ साली. आणि अ‍ॅडेलस्टन यांनी 'सांगा, दाखवा, करा' ही पद्धत मांडली होती १९५९ साली. म्हणजे पर्याय सत्तेचाळीस वर्षं दारात उभाच होता.

ती पद्धत दिसते अगदी बाळबोध. हवेची पिचकारी आधी पोराच्या नखावर मारायची. मग रबराचा कप लावलेलं फिरतं यंत्र त्याच नखावर, गुदगुल्या होतात. मग पुढच्या एका दातावर. दाढेचा नंबर शेवटी. आणि एक करार : डावा हात वर केलास की मी थांबणार. पहिल्या मिनिटात पोर तीनदा हात वर करतं. दुखत काही नसतं. मी खरंच थांबतो का, हे ते तपासत असतं. तेव्हा "झालंच हं बाळा" म्हणत काम पुढे रेटलं, की संपलं सगळं.

"हल्लीची पोरं लाडावलीत" हा दुसरा आक्षेप. लाडावलेली असतीलही. पण "जेव, नाहीतर डॉक्टरकाका सुई टोचतील" ही धमकी वर्षभर कोण देतं? आणि दवाखान्याच्या दारात "काही करणार नाहीत रे, नुसतं बघणार आहेत" ही थाप? धमकीनं मी बागुलबुवा झालो, थापेनं लबाडही ठरलो. मग पोर माझ्या बोटाला चावलं, तर त्याच्या हिशेबानं ते शहाण्यासारखंच वागलं.

पण म्हणून "रडतोय ना, राहू द्या, दुधाचे दात, पडणारच आहेत" हेही मला मान्य नाही. दुधाची मागची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असते. तिच्या मुळाशी झालेला पू खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला बाधू शकतो. शिवाय सहाव्या वर्षी तिच्यामागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजून किडू देतात.

गाल सुजून डोळा मिटायला लागला असेल, तर मी नखांशी खेळत बसणार नाही. तिथे पालकांना नीट सांगून, त्यांच्या संमतीनं धरावंही लागतं, कधी हॉस्पिटलात भूल द्यावी लागते. काही विशेष मुलांच्या बाबतीतही भुलीला पर्याय नसतो. मात्र ज्या कामांसाठी पोरांना धरलं जातं, त्यातली कितीतरी धरण्याजोगी नसतातच. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल यांच्या पद्धतीत किडलेल्या दुधाच्या दाढेवर, योग्य ती दाढ निवडून, स्टीलची टोपी सिमेंटनं बसवतात. ना सुई, ना ड्रिल. चांदीयुक्त फ्लोराइडचं औषध तर नुसतं ब्रशनं लावायचं. कीड बऱ्याचदा थांबते, पण किडलेला भाग काळा पडतो. त्या काळ्या डागाला नको म्हणणारे आईबाप पोराला धरायला मात्र तयार होतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

म्हणून दुखत नसताना आणा, वर्षाच्या आतबाहेर, पहिला दात दिसला की. त्या भेटीत मी बहुतेकदा तोंडात आहेत तेवढे दात मोजतो, पोराच्या हातात आरसा देतो आणि खुर्ची दोनदा वरखाली करतो. बाहेर वडील विचारतात, "आज तर काही केलंच नाही, मग फी कसली?" फी मी घेतो. पावतीवर 'तपासणी' लिहितो; ओळखीसाठी वेगळा रकाना नाही.