विश्लेषण : गुपचूप ‘स्टोरी’ दाखवणारी संकेतस्थळे अचानक बंद का पडतात?

नाव टाकायचे, बटण दाबायचे आणि थांबायचे. परवापर्यंत याच जागी समोरच्याची इन्स्टाग्राम ‘स्टोरी’ उघडत होती. आज नुसते चाक गोल फिरते आहे. थोड्या वेळाने ‘वापरकर्ता सापडला नाही’ असा संदेश येतो. प्रत्यक्षात तो वापरकर्ता जागच्या जागी असतो, त्याचे खातेही खुले असते. मग पान पुन्हा लोड केले जाते, फोन बंद करून सुरू केला जातो, ब्राउझर बदलला जातो आणि शेवटी ‘याला पर्याय कोणता’ असा शोध गुगलवर घेतला जातो. या खटपटीतली सर्वात धोक्याची पायरी ही शेवटची. बंद पडलेल्या संकेतस्थळामुळे कोणाचे फारसे नुकसान होत नाही. ते बंद पडल्यावर उतावीळपणे जे देऊन टाकले जाते, त्याने होते.

निनावी पाहणे चालते कसे?

इन्स्टाग्रामने ‘स्टोरी’ हा प्रकार ऑगस्ट २०१६ मध्ये आणला. २४ तासांनी आपोआप दिसेनाशी होणारी छायाचित्रे आणि व्हिडीओ, सोबत ते कोणी कोणी पाहिले याची यादी. स्टोरी टाकणाऱ्याला ही यादी ४८ तासांपर्यंत पाहता येते. साधी पोस्ट कोणी पाहिली हे कळत नाही, स्टोरी कोणी पाहिली हे मात्र नावानिशी कळते. या एका फरकावर गुपचूप पाहण्याची अख्खी बाजारपेठ उभी राहिली. तिच्या गिऱ्हाइकांत समोरच्या दुकानातली सवलत पाहणारा व्यापारी असतो, स्थळाची चौकशी करणारे मुलीकडचे असतात, मुलांच्या काळजीने ग्रासलेले आईवडील असतात. आणि संबंध तुटून वर्ष झाले तरी पिच्छा न सोडणारेही असतात.

तंत्र फारसे गूढ नाही. खाते सार्वजनिक असले, तरी लॉगिन केल्याशिवाय इन्स्टाग्राम स्टोरी दाखवत नाही. म्हणजे ‘लॉगिनची गरज नाही’ असे सांगणाऱ्या संकेतस्थळाच्या मागे कोणाचे तरी लॉगिन असतेच. अशी संकेतस्थळे चालवणाऱ्यांच्या सर्व्हरवर बरीच खाती, बहुधा बनावट, सुरू करून ठेवलेली असतात. वापरकर्त्याने नाव टाकले की त्यांपैकी एखादे खाते इन्स्टाग्रामकडून स्टोरी मागवते आणि ती पुढे सरकवते. स्टोरी मागवणे आणि ‘पाहिली’ अशी नोंद पाठवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली करायची, दुसरी टाळायची, एवढीच यातली चलाखी. शेजारच्या घरात आज काय शिजतेय हे स्वतः न जाता एखाद्या पोराला पाठवून काढून घ्यावे, तसा हा प्रकार. पोर पकडले गेले की बातमी बंद.

मग नेमके बिघडते काय?

बहुतेक वेळा पोर पकडले गेलेले असते. एखादे खाते अखंडपणे शेकडो अनोळखी लोकांच्या स्टोरी मागवू लागले, तर ते माणूस चालवत नाही हे ओळखणे मेटाच्या यंत्रणेला अवघड नसते. मग ते खाते गोठवले जाते किंवा ज्या पत्त्यावरून मागणी येते तो पत्ताच अडवला जातो. साधन चालवणारा नवी खाती उघडतो, नवे पत्ते भाड्याने घेतो. काही तास, काही दिवस निभावते. सकाळी बंद असलेले संकेतस्थळ रात्री आपोआप सुरू झालेले दिसते ते यामुळे. त्या दरम्यान फोन बंद-चालू केला असेल, तर श्रेय मात्र त्याला मिळते.

कधी कधी पान उघडते, नाव दिसते, चौकटीही दिसतात; पण छायाचित्रांच्या जागी नुसते राखाडी खोके. याचे कारण वेगळे. इन्स्टाग्रामवरील छायाचित्रांच्या दुव्यांना मुदत असते. संकेतस्थळाने आधी साठवून ठेवलेला दुवा उशिरा पुढे केला, की तो उघडत नाही. शिवाय इन्स्टाग्राम आपल्या अंतर्गत रचनेत बदल करत असते. तो झाला की साधन जुन्याच दारावर टकटक करत बसते आणि कोणी तरी प्रोग्रॅम दुरुस्त करीपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो.

हा चोर-पोलिसाचा खेळ जुना आहे. मार्च २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण उघडकीस आले. बाहेरच्या ॲपना माहिती देणारी अधिकृत खिडकी, म्हणजे एपीआय, इन्स्टाग्रामने त्यानंतर लगेच आवळली. तासाला ५,००० मागण्यांची मर्यादा पूर्वसूचना न देता २०० वर आणली गेली. जून २०२० मध्ये ती जुनी खिडकी पूर्ण बंद झाली. अधिकृत वाटा अरुंद होत गेल्या आणि चोरवाटांवरची वर्दळ उरली.

एक्सच्या बाबतीत हेच अधिक स्पष्टपणे दिसले. ट्विटर असे नाव असतानाच, जून २०२३ च्या अखेरीस, लॉगिनशिवाय ट्वीट पाहणे अचानक बंद करण्यात आले आणि पाठोपाठ दिवसाला किती पोस्ट वाचता येतील यावरही मर्यादा आली. ‘निटर’ हे मुक्तस्रोत साधन अनेक जण वापरत असत. त्यात जाहिराती नव्हत्या, कोणाची नोंद ठेवण्याचा हेतू नव्हता; पत्रकार आणि संशोधकांनाही ते सोयीचे होते. निटर चालत होते ते एक्सने देऊ केलेल्या तात्पुरत्या पाहुण्या खात्यांवर. जानेवारी २०२४ मध्ये ती सोय काढून घेतली गेली आणि निटरचे बहुतेक सर्व्हर ठप्प झाले. पुढे ते पुन्हा उभे राहिले खरे, पण खऱ्या खात्यांच्या लॉगिनच्या आधारे. प्रामाणिक हेतूने चालणाऱ्या साधनाची ही गत, तर जाहिरातींवर जगणाऱ्या साधनांकडून कायम चालू राहण्याची अपेक्षा ठेवणेच चूक.

फोनवर काही करता येते का?

थोडेच. स्टोरीचे २४ तास उलटून गेले का, समोरच्याने नाव बदलले का किंवा खाते खासगी केले का, हे आधी पाहावे. खाते खासगी झाले असेल तर विषय संपला. इन्स्टाग्रामच त्या वेळी कोलमडलेले नाही ना, हेही पाहावे. जाहिराती रोखणारे ॲप किंवा व्हीपीएन सुरू असेल तर ‘तुम्ही यंत्रमानव नाही ना’ या तपासणीत पान अडकू शकते. ब्राउझरच्या खासगी विंडोत एकदा उघडून पाहिले की एवढे कळते. तिथेही चालले नाही तर दोष फोनमध्ये नाही. पुढे फोनशी झगडण्यात अर्थ नाही.

विमान मोड लावून स्टोरी पाहण्याची, अर्धवट सरकवून डोकावण्याची युक्ती व्हॉट्सॲपवर फिरत असते. बोट थोडे जास्त सरकले किंवा नेट परत आले की नाव यादीत जाऊ शकते. ज्याला खरोखर नाव लपवायचे आहे, त्याने तिच्यावर विसंबू नये.

पर्यायाच्या शोधात हाती काय लागते?

एखादे नावाजलेले संकेतस्थळ बंद पडले, की त्याच्याच नावात एखादे अक्षर इकडे-तिकडे केलेली पाने शोधात दिसू लागतात. त्यांच्या मागण्या चढत्या असतात. आधी ‘यंत्रमानव नसल्याची खात्री’ म्हणून नोटिफिकेशनला परवानगी, जिच्यामुळे फोनवर दिवसरात्र भलत्या जाहिराती येतात. मग प्ले स्टोअरबाहेरची एपीके फाइल. मग ‘फक्त एकदा’ इन्स्टाग्रामचा पासवर्ड. इथे गंमत अशी, की नाव लपवण्यासाठी निघालेला माणूस स्वतःचे नाव, खाते आणि पासवर्ड एका पूर्ण अनोळखी माणसाच्या हाती ठेवतो. ते खाते मग त्याच सर्व्हरवर इतरांसाठी राबणाऱ्या पोरांपैकी एक होऊ शकते आणि गोठवले गेले तर गोठते मूळ मालकाचे.

‘खासगी खातेही दाखवतो’ असा दावा दिसला, की पान तिथेच बंद करावे. खासगी खात्याची स्टोरी इन्स्टाग्रामचा सर्व्हर मान्यता दिलेल्या फॉलोअरखेरीज कोणालाच पाठवत नाही. असा दावा करणारा एक तर खोटे बोलतो किंवा कोणाचे तरी लॉगिन चोरून वापरतो.

आणि ‘निनावी’ हा शब्दही तपासून घ्यायला हवा. नाव लपते ते फक्त स्टोरी टाकणाऱ्यापासून. कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून, किती वाजता, कोणाचे नाव किती वेळा शोधले, हे संकेतस्थळ चालवणाऱ्याला दिसते. त्या नोंदींचे तो काय करतो, हे विचारायला पत्ता नसतो. पासवर्ड देऊन झाला असेल तर तो ताबडतोब बदलावा, इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये कुठे कुठे लॉगिन सुरू आहे ते पाहून अनोळखी उपकरणे काढून टाकावीत आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवण्यात तासाचाही उशीर करू नये.

कायदा कोणाच्या बाजूने?

अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये मेटा विरुद्ध ब्राइट डेटा या खटल्यात न्यायालयाने म्हटले, की लॉगिन न करता दिसणारी सार्वजनिक माहिती गोळा करण्याला मेटाच्या अटी आडव्या येत नाहीत. अशा साधनांचे समर्थक याचा दाखला देतात. पण स्टोरी लॉगिनशिवाय दिसतच नाही. जुलै २०२२ मध्ये मेटाने तुर्कस्तानातील एका व्यक्तीवर दावा लावला, तो स्वयंचलित खात्यांतून इन्स्टाग्रामच्या साडेतीन लाखांहून अधिक वापरकर्त्यांची माहिती उपसून नकली संकेतस्थळांवर मांडल्याबद्दल.

भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला लागूच होत नाही. खुल्या खात्यावर स्टोरी टाकणाऱ्याला त्याचा आधार मिळणे कठीण. मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये स्त्रीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा पाठलागाचा गुन्हा मानला आहे. पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत, पुढच्या खेपेस पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. एखादी स्टोरी पाहिली म्हणून कोणी त्यात अडकण्याचा संभव नाही. रोज रात्री, महिनोन्महिने, ब्लॉक केल्यानंतरही आडवाटेने एकाच बाईच्या स्टोरी पाहणाऱ्याने आपण नेमके काय करतो आहोत याचा विचार करावा.

खरा पेच याच ठिकाणी आहे. ज्या स्त्रीने त्रास देणाऱ्याला ब्लॉक केले, तिला यादीत त्याचे नाव दिसेनासे होते आणि ती निर्धास्त होते. निनावी साधनांच्या काळात ही यादी त्या निर्धास्तपणाला पुरेशी नाही. उलट बाजूही आहे. तोच माणूस आपल्या स्टोरीवर तिची बदनामी करत असेल, तर ते पाहण्यासाठी तीच स्त्री अशा साधनाकडे वळते आणि नेमके गरजेच्या दिवशी ते बंद असते. अशा वेळी विश्वासातल्या दुसऱ्या व्यक्तीने स्वतःच्या खात्यावरून ती स्टोरी उघडावी, खात्याचे नाव, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीन रेकॉर्डिंग करावे आणि मूळ फाइल ज्या फोनवर आहे तो फोन जपावा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि ते देणारा माणूस खरा लागतो. अनोळखी संकेतस्थळाच्या पानावर तो कुठून मिळणार?

कंपन्यांनाही हा पेच सोडवता आला असता. व्हॉट्सॲपवर ‘रीड रिसिट’ बंद केले की इतरांचे स्टेटस नाव न दिसता पाहता येते. बदल्यात आपले स्टेटस कोणी पाहिले हेही दिसत नाही. हा सौदा रोखठोक आहे. टेलिग्रामने २०२३ मध्ये स्टोरी आणली तेव्हा पैसे भरणाऱ्यांसाठी गुप्त पाहण्याची सोयच विकायला ठेवली : मागच्या ५ मिनिटांतल्या खुणा पुसायच्या, पुढची २५ मिनिटे नाव लपवायचे. व्हॉट्सॲपचा मार्ग न्याय्य, टेलिग्रामचा धंदेवाईक. इन्स्टाग्रामने निदान पहिला मार्ग स्वीकारला असता, तर स्पर्धकाची सवलत पाहायला निघालेला दुकानदार एपीके फाइलपर्यंत पोहोचला नसता.

तोवर स्टोरी टाकणाऱ्याच्या हाती दोनच भरवशाचे उपाय उरतात. खाते खासगी करणे आणि फॉलोअरच्या यादीतली अनोळखी नावे काढून टाकणे. किंवा खाते खुले ठेवून घरची, मुलांची, रोजच्या ठिकाणांची स्टोरी केवळ ‘क्लोज फ्रेंड्स’पुरती ठेवणे. त्या यादीत नसलेल्या खात्याला, मग ते खरे असो की सर्व्हरवरचे, ती स्टोरी इन्स्टाग्राम पाठवतच नाही.