जुन्या साठवणपेटीचा वीजपुरवठा

लखनौच्या गोमती नगरातील बहुतेक विभागांची नावे ‘वि’ या अक्षराने सुरू होतात : विकास खंड, विनय खंड, विवेक खंड, विराम खंड. आमचे बिऱ्हाड यांपैकी शेवटच्या खंडात आहे. एका जून महिन्यात रात्री वीज गेली. ती परत आली तेव्हा पंखे फिरू लागले, दिवे लागले. कपाटावरची साठवणपेटी मात्र उठली नाही. विराम खंडात तिने विराम घेतला, हा विनोद शेजाऱ्यांनी ऐकवला नसता तरच नवल.

साठवणपेटी म्हणजे बाजारात ‘नेटवर्क स्टोरेज’ या नावाने विकली जाणारी वस्तू. तिच्यात दोन किंवा अधिक हार्ड डिस्क बसविलेल्या असतात आणि घरातील, शाळेतील वा ग्रंथालयातील सर्व संगणक आपले कागद, चित्रे व ध्वनिमुद्रणे तिच्या स्वाधीन करतात. आमची पेटी बारा वर्षांची होती. तिच्यात कुटुंबाची छायाचित्रे होती, आणि घरातील मुलीच्या गायनाच्या शिकवणीची शेकडो तासांची मुद्रणेही होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ साली याच शहरात मॅरिस संगीत महाविद्यालय निघाले. त्यांनी जमविलेल्या चिजा स्वरलिपीत, कागदावर उतरल्या. कागदाला अडॅप्टर लागत नाही. आम्हांला तो लागत होता आणि तो मेला होता.

दुकानदाराने पाहताक्षणी निकाल दिला, ‘पेटी जुनी झाली, नवी घ्या.’ हा निकाल चुकीचा होता, आणि तो जितक्या सहजपणे देण्यात येतो ती सहजता मला अधिक आक्षेपार्ह वाटते. दिवा विझला तर आपण घर पाडीत नाही.

बिघाड कोठे होतो हे समजण्यासाठी अडॅप्टरच्या आतील काम पाहिले पाहिजे. भिंतीतून २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह येतो. तो प्रथम एकदिश करून एका मोठ्या धारित्रात साठविला जातो. कारागीर धारित्राला कपॅसिटर म्हणतात. येथे विद्युत्‌दाब सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत पोचतो. मग एक इलेक्ट्रॉनी कळ या प्रवाहाचे सेकंदास हजारो वेळा तुकडे करते, एक लहानसे रोहित्र त्याचा दाब उतरविते, आणि पुन्हा एकदिश झालेला प्रवाह दुसऱ्या काही धारित्रांमधून गाळला जाऊन १२ व्होल्टवर बाहेर पडतो. या गाळणाऱ्या धारित्रांतच रोगाचे मूळ बहुधा असते. त्यांत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या गुंडाळीत द्रवाने भिजलेला कागद असतो. वर्षानुवर्षे उष्णतेने तो द्रव उडून जातो, धारित्राची धारणशक्ती घटते, त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि बाहेर येणारा प्रवाह स्थिर न राहता थरथरू लागतो.

येथे थोडे गणित करणे उपयुक्त ठरेल. पुष्कळशा धारित्रांचे आयुष्य १०५ अंश सेल्सिअस तापमानास २००० तास असे सांगितलेले असते. स्थूल नियम असा की, तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. धारित्र ६५ अंशांवर राहिले तर आयुष्य सोळा पट, म्हणजे ३२,००० तास होते. अखंड चालणाऱ्या यंत्राच्या बाबतीत ही पावणेचार वर्षेदेखील भरत नाहीत. ते ५५ अंशांवर ठेवता आले तर सात वर्षांहून अधिक काळ मिळतो. लखनौच्या मे-जूनच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. नागपूर-चंद्रपूरच्या वाचकांस याचे वेगळे वर्णन नको. अशा दिवसांत अडॅप्टर कपाटामागे, कापडाखाली, भिंतीला चिकटून ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य स्वहस्ते निम्मे करणे होय. आमचा तसाच ठेवला होता, हे कबूल केले पाहिजे.

मग वीज जाईपर्यंत पेटी चालत कशी होती? फिरत्या हार्ड डिस्कला जेमतेम पाच ते आठ वॅट पुरतात. परंतु थांबलेली डिस्क प्रथम फिरविताना काही सेकंद १२ व्होल्टच्या तारेतून दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढला जातो, म्हणजे वीस वॅटांहून अधिक. दोन डिस्क एकदम उठल्या की मागणी पन्नास वॅटांच्या घरात जाते. थकलेला अडॅप्टर चालती गाडी रेटू शकतो, पण थांबलेली हलवू शकत नाही. म्हणूनच महिनोन्‌महिने बिनतक्रार चाललेली पेटी वीज जाऊन आल्यावरच ‘मरते’. दिवा लुकलुकतो, डिस्क क्षणभर गुरगुरून थांबते, पुन्हा गुरगुरते. ही लक्षणे डिस्क बिघडल्याची समजून माणसे घाबरतात. त्यातच व्होल्टमापक लावून पाहिले तर मोकळ्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट व्यवस्थित दिसतात आणि संशय भलतीकडेच जातो. भार जोडलेला असताना मोजले तरच खरे कळते.

नवा अडॅप्टर घेताना मात्र सावधगिरी हवी. व्होल्ट तेच असावेत. अँपिअर तेवढेच किंवा अधिक चालतील, कमी चालणार नाहीत. आमच्या जुन्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, ६ अँपिअर असे छापलेले होते. खरा धोका खटक्याचा आहे. काही पेट्यांचा खटका गोल, चार काट्यांचा असतो. दोन अडॅप्टरांचे खटके दिसावयास एकसारखे असूनही काटे निराळ्या क्रमाने जोडलेले असतात. एकात चारही काटे १२ व्होल्ट व ऋण यांचे असतात, तर दुसऱ्यात एका काट्यावर ५ व्होल्ट असतात. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले तर जी माहिती वाचवावयाची तीच क्षणात जळून जाईल. म्हणून खटका बसला एवढ्यावर विसंबू नये. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह आहे की नाही हेही पाहावे. ही नोंदणी २०१२ च्या आदेशाने सक्तीची झाली. आणि अडॅप्टर स्वतः फोडू नये : आतील मोठ्या धारित्रात वीज काढल्यावरही प्राणघातक भार उरलेला असू शकतो. हौशी विद्यार्थ्यांना हे दोनदा सांगावे लागते.

माझा आक्षेप उत्पादकांवर आहे. काट्यांचा क्रम पेटीच्या तळाशी छापण्यास शाईचे चार थेंब लागतात. अडॅप्टरसारख्या अल्पायुषी अंगाला प्रत्येकाने निराळा खटका का द्यावा, याचे समाधानकारक कारण मला आजवर कोणी सांगितलेले नाही. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले व त्यांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळही उघडले. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु धडधाकट पेटीचे धातू वितळवून परत मिळविण्यापेक्षा ती कचऱ्यात जाऊच न देणे अधिक शहाणपणाचे, आणि त्यासाठी समान खटक्याचे बंधन हवे.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे मात्र मला मान्य आहे. जुन्या पेटीच्या आतील आज्ञावलीला उत्पादकाकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळेनाशा झालेल्या असतात. अशी पेटी जिवंत केली तरी ती बाहेरच्या इंटरनेटसाठी उघडी ठेवू नये. घरच्या वा शाळेच्या जाळ्यापुरतीच वापरावी. तसेच डिस्क काढून दुसऱ्या पेटीत घालण्याचा मोह आवरावा. नवी पेटी त्या कोऱ्या करू का असे विचारते आणि घाईत होकार दिला जातो. अगदीच काढाव्या लागल्या तर कोणती डिस्क कोणत्या खणातील, हे आधी त्यांवर लिहून ठेवावे.

अडॅप्टर चौथ्या दिवशी मिळाला. काट्यांचा क्रम मोजून पाहिला, मगच तो जोडला. दोन्ही डिस्क एका दमात उठल्या. त्याच संध्याकाळी सर्व मुद्रणे एका स्वतंत्र डिस्कवर उतरविण्यास आरंभ केला, जे बारा वर्षांपूर्वीच करावयास हवे होते. नवा अडॅप्टर आता कपाटामागे नाही. तो उघड्या फळीवर, पंख्याच्या वाऱ्यात असतो.