गाडी तापली? आधी झाकण पाहा, मग हेड उघडा

वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यातील कितीतरी घरांची चूल एका जुन्या व्हॅनवर पेटते. सकाळी शाळेची मुले, दुपारी बेकरीचा माल, सुट्टीच्या दिवशी लग्नाचे वऱ्हाड. यांतल्या पुष्कळ गाड्या ओम्नी. 1984 साली मारुती व्हॅन म्हणून आलेली ही गाडी 2019 मध्ये बनायची थांबली. म्हणजे आज रस्त्यावरची सर्वांत नवी ओम्नीही जुनीच.

उन्हाळ्यात वसई फाट्याच्या कोंडीत तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकतो आणि गॅरेजमध्ये ऐकू येते, "हेड गॅस्केट गेले, इंजिन खोलावे लागेल." कधी ते खरे असते, कधी नसते. फरक मात्र घराच्या महिन्याच्या खर्चाएवढा असतो.

इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामध्ये पातळ गॅस्केट असते. जळणारा वायू, ऑइल आणि पाणी यांना ते एकमेकांत मिसळू देत नाही. इंजिन फार तापले की हेड वाकते आणि गॅस्केट हार मानते. म्हणजे गॅस्केट जाणे हा बहुधा तापाचा परिणाम असतो. तापाचे कारण तसेच राहिले, तर नवे गॅस्केटही टिकणार नाही.

म्हणून स्वस्त गोष्टी आधी पाहाव्यात, आणि त्याही इंजिन पूर्ण गार असताना. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी तोंडावर उडते.

त्या झाकणाचे रबर फाटलेले आहे का? पाणी 100 अंशांना उकळते, पण चांगले झाकण दाब धरून ते सुमारे 118 अंशांपर्यंत उकळू देत नाही. झाकण सैल, तर गाडी सुस्थितीत असूनही पाणी बाहेर फेकते. मग होज पाइप, वॉटर पंप आणि गाडीखालची जमीन पाहावी. ओल दिसली तर गळती बाहेरची आहे. काटा वर गेला तरी पंखा फिरत नसेल, तर फ्यूज, वायर आणि पंख्याचा स्विच तपासावा. इंजिन गरम होऊनही वरचा होज पाइप थंडच राहिला, तर थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो. तो काढून फेकणे हा इलाज नव्हे, नवा बसवावा.

हे सर्व ठीक असेल, तरच गॅस्केटवर संशय घ्यावा. त्याच्या खुणा अशा: गळती कुठेच नाही, तरी पाणी रोज कमी होते. गार इंजिन झाकण काढून सुरू केले, तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात आणि थांबतच नाहीत. अडकलेली हवा असती तर थोड्या वेळात संपली असती. सुरू केल्यावर दोन मिनिटांतच होज पाइप दगडासारखा कडक होतो. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो. पट्टीवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते. मात्र फक्त ऑइलच्या झाकणाखाली साय दिसली, तर घाबरू नये. जवळच्या फेऱ्यांत दमटपणानेही ती जमते. संशय पडताळायला कॉम्प्रेशन टेस्टची मदत होते. ती इंजिन न खोलता करता येते आणि ग्राहकाने ती मागावी.

आमच्या शाळेत मुले आणणाऱ्या एका व्हॅनचे हेड उघडायचे ठरले होते. दुसऱ्या मिस्त्रीने आधी पंखा पाहिला. स्विच जळाला होता. तो बदलला आणि गाडी दुसऱ्या सकाळी फेरीला आली.

गॅस्केट खरेच गेले असेल, तर नुसते बदलून भागत नाही. हेड सपाट आहे का हे मोजून, लागल्यास फेसिंग करून घ्यावे.

एक सवय मात्र आपल्या हाती आहे. आपल्याकडे बोअरचे खारे पाणी सहज मिळते आणि तेच रेडिएटरमध्ये जाते. त्याचा क्षार बारीक नळ्यांत साचून गाडी तापू लागते. कंपनीने सांगितलेले कूलंट आणि शुद्ध केलेले पाणीच भरावे.

आणि काटा लाल खुणेवर गेला, तर "घर जवळच आहे" म्हणू नये. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखालीच असते. गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, मुलांना रस्त्यापासून दूर सावलीत बसवावे. पालकांचा फोन आला तर आला. मुलांना उशीर झालेला परवडतो.