आरतीचा फोटो पाठवण्याआधी

दशाश्वमेध घाटावरच्या संध्याकाळच्या आरतीचा फोटो काढणाऱ्याच्या फोनवर पाहिला, तर पुजाऱ्याच्या हातातल्या दीपपात्राची एकेक ज्योत वेगळी दिसते. तोच फोटो व्हॉट्सॲपच्या तीन-चार गटांतून फिरून आपल्यापर्यंत येतो, तेव्हा ज्योतींचा एकच केशरी गोळा झालेला असतो, धुराच्या जागी चौकोनी ठिगळं उमटलेली असतात आणि मागच्या काळोखात पट्टे पडलेले असतात. मग लोक मला नव्या फोनबद्दल विचारतात. बहुतेक वेळा फोनमध्ये काहीच कमी नसतं. फोटो लहान करण्याचं काम आपण न बघता दुसऱ्यावर सोडलं, तिथे तो बिघडतो.

जेपेग हे 1992 सालचं प्रमाण आजही बहुतेक फोटोंसाठी वापरलं जातं. त्यात चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील कमी करतात. वर रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या माहितीच्या चौथ्या हिश्श्यावर आणली जाते, कारण आपल्या डोळ्यांना उजेडातला फरक जास्त नेमका कळतो. दुपारी नावेतून काढलेल्या फोटोत हे सगळं खपून जातं. आरतीच्या फोटोत काळ्या आकाशावर केशरी ज्योत असते, हळूहळू विरत जाणारा धूर असतो, म्हणजे या पद्धतीचं नेमकं दुखणं समोर येतं. शिवाय दर वेळी नव्याने दाबून साठवताना तपशील पुन्हा गळतो, आणि गेलेला तपशील परत येत नाही.

घाटाच्या पायऱ्यांची अडचण वेगळी आहे. शेकडो समांतर रेघा असलेलं चित्र घाईने लहान केलं की रेघा तुटतात, करवतीसारख्या दिसतात, कधी दगडावर नसलेली नक्षी उमटते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात आणि पुढे अहिल्याबाईंच्या हातून या घाटाच्या बांधणीला आकार आला. शेजारच्या घाटाला तर अहिल्याबाईंचंच नाव आहे. मराठी माणूस तिथे कॅमेरा काढतो तो बरेचदा त्या दगडासाठी, आणि पाठवलेल्या फोटोत नेमका दगडच खोटा दिसतो.

उपाय साधा आहे. बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4000 बाय 3000 पिक्सेलचा असतो. पडद्यावर बघायला 1600 बाय 1200 पुरतो, म्हणजे सहाव्या हिश्श्याहूनही कमी पिक्सेल. संगणकावर गिंप किंवा इरफानव्ह्यू यांसारखी फुकट साधनं आहेत. त्यात आकार बदलताना लँक्झोस किंवा बायक्यूबिक यांपैकी जी असेल ती पद्धत निवडा, पायऱ्या शाबूत राहतात. लहान केल्यावर थोडी धार द्या, आधी नको. रंगाची व्यवस्था एसआरजीबी ठेवा, नाहीतर नव्या फोनवरचा भगवा दुसऱ्याच्या पडद्यावर फिका पडू शकतो. दर्जा 80 ते 85च्या दरम्यान ठेवला की फाइल बहुधा काही शे केबीत बसते. आणि दर वेळी सुरुवात मूळ फोटोपासूनच करा, आधी लहान केलेल्या प्रतीपासून कधीच नको. व्हॉट्सॲपवर 2023पासून एचडीचा पर्याय आहे, पण मूळ फोटो जसाच्या तसा पोचवायचा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

ही झाली आकाराची बाब. मला जास्त काळजी वाटते ती फोटो ठेवण्याच्या जागेची.

मायबोली, मिसळपाव या मराठी संकेतस्थळांवरची दहा-पंधरा वर्षांपूर्वीची प्रवासवर्णनं उघडून बघा. लेखक जीव ओतून लिहितो, ‘खालच्या फोटोत दिसेल’ म्हणतो, आणि कित्येकदा खाली रिकामा चौकोन असतो. मजकूर संकेतस्थळावर होता म्हणून टिकला. फोटो पिकासासारख्या परक्या जागी होते आणि लेखात नुसता त्यांचा पत्ता होता. पिकासाचे वेब अल्बम 2016 साली बंद झाले. फोटोबकेटने 2017च्या जूनअखेरीस दुसऱ्या संकेतस्थळांवर फोटो दाखवण्यासाठी वर्षाला 399.99 डॉलर मागितले आणि जगभरच्या छंदिष्टांची पानं एका फटक्यात ओस पडली. रेल्वेची मॉडेलं करणारे, पक्षी टिपणारे, जुनी घड्याळं दुरुस्त करणारे, सगळेच त्यात सापडले. पुढच्याच वर्षी फ्लिकरने फुकट खात्यांना हजार फोटोंची मर्यादा जाहीर केली. फुकट जागा देणाऱ्याने ती कायम द्यावी असं बंधन त्याच्यावर नव्हतं, आणि आपण मात्र ते गृहीत धरलं होतं.

एकाच जागेवर विसंबण्याचा धोका जुनाच आहे. छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न 1860च्या दशकात काशीच्या घाटांचे फोटो काढत होता. त्या वेळच्या पद्धतीत काचेवरचं निगेटिव्ह कागदाला चिकटवून उन्हात छापायचं, त्यामुळे काच जेवढी तेवढाच फोटो. त्याच्या निगेटिव्हवर क्रमांक घातलेला असे. कोलकात्यातल्या त्याच्या बोर्न अँड शेफर्ड या स्टुडिओच्या संग्रहाची 1991च्या आगीत मोठी हानी झाली आणि 2016 साली तो स्टुडिओही बंद पडला. तरी बोर्नची काशी आज बघता येते, कारण छापील प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीसारख्या कितीतरी ठिकाणी पसरल्या होत्या. क्रमांकामुळे कुठला फोटो कुठला, हेही लावता येतं.

म्हणून माझा आग्रह आहे की मूळ फोटो स्वतःकडे दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावेत, आणि त्यातली एक डिस्क दुसऱ्या घरात असावी. घाट, देवळं, नावा यांचे चांगले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर द्यावेत. 2004पासून चालू असलेल्या त्या भांडारात मूळ आकाराचा फोटो राहतो आणि लहान आकार तिथेच तयार होतात. अट एवढीच की फोटो मुक्त परवान्याखाली द्यायचा, कोणालाही वापरता येईल असा. घरगुती अल्बमची ती जागा नव्हे. घाटावर स्नान करणाऱ्या बायकांचे, मणिकर्णिकेवरच्या चितांचे फोटो तर कुठेच चढवू नयेत. आकार कितीही लहान केला तरी समोरच्या माणसाची लाज आणि दुःख लहान होत नाही.

फोटोसोबतची तारीख आणि ठिकाण मात्र जपा. लहान करताना बरीच साधनं ही माहिती पुसून टाकतात. घराच्या फोटोतून ठिकाण काढणं शहाणपणाचं, पण काशीच्या फोटोत तीच माहिती मोलाची. विश्वनाथ धामाचं काम 2019 साली सुरू झालं आणि 13 डिसेंबर 2021ला त्याचं लोकार्पण झालं. देवळापासून गंगेपर्यंतच्या त्या भागातल्या जुन्या गल्ल्या आणि घरं आता फोटोंतच उरली आहेत. तुमच्याकडे 2019च्या आधीचे तिथले फोटो असतील तर याच आठवड्यात ते शोधून काढा. फाइलच्या नावात घाटाचं किंवा गल्लीचं नाव घाला, वर्ष घाला, कुठे उभं राहून काढला ते घाला, आणि मूळ आकारातली प्रत कॉमन्सवर चढवा.